बाकी सगळे शून्य

उमरखेड
२ जून २००७

मंदार,

'मंदार सर' लिहीत नाही. ऑफिसात सर आणि टपरीवर मंदार, अशी दोन नावं मी दीड वर्ष सांभाळली. ऑफिस सुटलं, टपरीही सुटली, आता एवढं एक पुरे.

अभिनंदन. परवाच्या पेपरात तुझा फोटो पाहिला. 'यवतमाळ जिल्ह्यातील तंबाखूसेवन : एक सांख्यिकी अभ्यास' हे पुस्तक छातीशी धरून उभा आहेस, शेजारी आपले संचालक, आणि मुखपृष्ठावर एकच नाव : मंदार वामन पांढरीपांडे. खालच्या बातमीत लिहिलंय की जिल्ह्यातल्या बायकांमध्ये तंबाखूचं प्रमाण शंभरात अवघं नऊ आहे आणि ही दिलासा देणारी बाब आहे. दिलासा या शब्दावर मला जे हसू आलं ते थांबेना. मामूंच्या कॉम्प्युटर क्लासमधल्या मुली वळून बघायला लागल्या, तेव्हा पेपर मिटला.

हो, मी आता उमरखेडला मामूंकडे असते. टायपिंग शिकवते. एप्रिलमध्ये संस्थेनं सांगितलं की एन्ट्रीचं काम संपलं, तुमची गरज नाही. तू तेव्हा खिडकीतून बाहेर बघत होतास. बाहेर काय होतं? सायकल स्टँड होता.

चाळीस गावं, दोन हजार तीनशे फॉर्म, त्यातले अकराशे चाळीस बायकांचे. एकूण एक फॉर्म माझ्या बोटांखालून गेला. भारनियमनाचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवून मी कामाच्या वेळा लावायचे. वीज सकाळी सहाला असेल तर सहाला यायचे, अब्बा मोटरसायकलवर सोडायचे. सॉफ्टवेअर शिकायला नागपूरला तुला पाठवलं, मला नाही. तू एमएस्सी, मी नुसती बीएस्सी. परत आलास तेव्हा तुझी वही तूच माझ्यापुढे टाकलीस, म्हणालास, मला नीट समजलं नाही, तू बघ. महिनाभरात मी तुझे टेबल करून द्यायला लागले. वयोगट, गाव, विडी, खर्रा, गुल, नस, तंबाखूची सगळी रूपं. दोन नावं छापायची हे तूच ठरवलं होतंस. माझं दुसरं. मला दुसरंही चाललं असतं.

मग तेरा मार्चला मुखपृष्ठाचं प्रूफ आलं, एकाच नावाचं. मी विचारलं तर म्हणालास, "बाबांचं म्हणणं पडलं, की दोन नावं अशी शेजारी शेजारी छापली की लोक उगाच बोलतात. माझी सोयरीक ठरते आहे ना." वामनकाका तहसीलमध्ये पस्तीस वर्षं होते, त्यांना कागदावर कोण कुणाशेजारी येतं याची काळजी असणारच. पण तू त्यांना काय म्हणालास ते मला कधी कळलं नाही. बहुतेक काहीच म्हणाला नाहीस.

ऑफिसातल्या एकीनं मला पुस्तकाची प्रत पाठवली. आभाराच्या पानावर ड्रायव्हरच्या खाली लिहिलंय, 'डेटा एन्ट्री : के. कय्युम'. के. म्हणजे मी, कय्युम हे अब्बांचं नाव. वाचणाऱ्याला वाटेल कुणी कय्युम नावाचा बाप्या होता.

असो. मी रडायला पत्र लिहीत नाही. तुझ्या विश्लेषणात एक चूक आहे. पुस्तक आल्यावर सहज चाळताना माझ्या लक्षात आली. मोठी आहे. कुठे आहे ते सांगणार नाही. वीस सप्टेंबरला नागपूरच्या राज्यस्तरीय बैठकीत तू हे आकडे मांडणार आहेस म्हणे. अजून साडेतीन महिने आहेत, शोध.

कहकशां


उमरखेड
२६ जून २००७

मंदार,

तुझं उत्तर मिळालं. लेटरहेडवर, टाइप केलेलं, जावक क्रमांकासह. 'सदर त्रुटी आढळल्यास ती डेटा एन्ट्रीच्या टप्प्यावर झाली असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' आढळल्यास, शक्यता, नाकारता येत नाही. आधी तीन पावलं मागे गेलास आणि मग दगड मारलास. शेवटी वामनकाकांचाच मुलगा.

म्हणजे तुला सापडली नाही. आणि सापडायच्या आत ती माझी ठरवून मोकळा झालास. मी आणखी दोन महिने तुला चाचपडत ठेवणार होते, पण या एका ओळीनं माझं डोकं फिरलं. माझ्या एन्ट्रीला कोणी बोट लावायचं नाही. तेव्हा सांगूनच टाकते, आणि हे वाचून तुझी झोप उडाली तर मला आनंदच आहे.

मागचा नोव्हेंबर आठव. कळंबला, चिंतामणीच्या देवळाजवळच्या धर्मशाळेत आपण फॉर्म भरणाऱ्या बायकांना शिकवत होतो. जिल्ह्यात तेव्हा शेतकऱ्यांसाठी सरकारी पॅकेज आलं होतं, फॉर्म घेऊन कोणीही गेलं की लोक विचारत, पॅकेजचा हाये काय? तंबाखूचा म्हटलं की हिरमुसून घरात जात. त्या दिवशी बायकांना फॉर्मवरचे कोड समजावले. तंबाखू कुठल्याही रूपात वापरता का : हो म्हणजे एक, नाही म्हणजे दोन, उत्तर दिलं नाही म्हणजे नऊ. मग राळेगावकडच्या तांड्यावरची मानीबाई उभी राहिली. पन्नाशीची, सातवी शिकलेली, चष्म्याला दोरी बांधलेली. ती काय म्हणाली ते मला शब्द न् शब्द पाठ आहे.

"सर, म्या घरात गेली, सून बसून हाये, बाजूले तिचा सासरा बसून हाये. म्या इचारलं, खर्रा खातं काय वं? ते न्हाई म्हनन. गालात पुडी हाये, तरी न्हाई म्हनन. मंग म्या काय लिहू?"

तू म्हणालास, जे सांगितलं ते लिहायचं. मानीबाई म्हणाली, "मंग तुमचा सर्वे खोटा होईन ना, सर." सगळ्या बायका हसल्या. कारण प्रत्येकीला ते ठाऊक होतं. सासऱ्यासमोर, मोठ्या दिरासमोर बाई तंबाखूचं नाव काढत नाही. डोक्यावरचा पदर आणि तोंडातला 'नाही' दोन्ही एकदमच येतात.

मग मानीबाईनंच तोड काढली. मोठं माणूस समोर असताना बाई नाही म्हणाली, तर दोन लिहायचं नाही, सात लिहायचं. सात म्हणजे, हिला पुन्हा विचारा, एकटी असताना. कापूस वेचताना, नळावर, कुठेही. तू खुर्चीवरून उठून म्हणालास, "वा, मानीबाई." वहीत लिहून घेतलंस. त्या वेळी मी तुझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती आता तुला देणार नाही.

आता पुस्तकातलं पान चौतीस उघड. अकराशे चाळीस बायका. 'हो' एकशे तीन. 'नाही' एक हजार सदतीस. आता हे माझ्या मूळ फाइलमधले आकडे, जी मी सीडीवर काढून ठेवली आहे : एक, एकशे तीन. दोन, सातशे एकोणीस. नऊ, सहा. आणि सात, तीनशे बारा.

तीनशे बारा बायका कुठे गेल्या, मंदार? मी सांगते. टेबल सुटसुटीत व्हावं म्हणून तू रीकोडची, म्हणजे कोड बदलायची, एक ओळ लिहिलीस. एकला एक, बाकी सगळे शून्य. सॉफ्टवेअर गरीब गायीसारखं आहे, नेशील तिकडे जातं. त्यानं विचारलं नाही की या सातवाल्या कोण. आणि तू नवं नाव न देता जुन्याच रकान्यावर ती ओळ चालवलीस, म्हणून तुझ्या फाइलमध्ये आता सात उरलेलेच नाहीत. शोधत बसलास तरी सापडणार नव्हते.

फेब्रुवारीत मानीबाई त्यातल्या चाळीस जणींना पुन्हा भेटली होती, वेचणीच्या वेळी, एकेकीला बाजूला घेऊन. चाळीसपैकी एकतीस 'हो' म्हणाल्या. ते फॉर्म माझ्याकडे आहेत. हा हिशेब सगळ्या सातांना लावला तर शंभरात नऊचे तीस होतात. तुझा दिलासा.

कहकशां


उमरखेड
११ ऑगस्ट २००७

मंदार,

क्लासच्या नंबरावर फोन केलास, बरं केलंस. पाच मिनिटांत चारदा 'बघ ना' म्हणालास. बघ ना, पुस्तक वाटून झालंय. बघ ना, संचालकांना काय सांगू. बघ ना, दुसऱ्या आवृत्तीत तुझं पूर्ण नाव घालतो, आभारात सगळ्यात वर. आणि चौथं, बघ ना, नोव्हेंबरात लग्न आहे, स्पृहाच्या घरचे नागपूरच्या कार्यक्रमाला येणार आहेत.

ही चौथी गोष्ट तू सांगायला नको होतीस. तोपर्यंत मी नुसतीच रागात होते. आता माझ्याकडे बेत आहे, आणि तुला सांगायला मला आवडेल, कारण वीस तारखेपर्यंत तो तुझ्यासोबत जेवायला बसावा अशी माझी इच्छा आहे.

मी येणार आहे. बैठक सगळ्यांना खुली आहे, मी चौकशी केली. तिसऱ्या रांगेत बसेन, कडेच्या खुर्चीवर, हिरवी ओढणी घेऊन, म्हणजे तुला शोधावं लागणार नाही. तू पडद्यावर ते नऊ टक्के दाखवशील. प्रश्न आहेत का म्हणून कोणी विचारेल. मी हात वर करेन आणि एकच विचारेन : सात कुठे गेले? मग खाली बसेन. बाकीचं त्या तीनशे बारा जणी बघून घेतील. स्पृहाच्या वडिलांना सांख्यिकी कळत नसली तरी जावयाच्या कपाळावरचा घाम कळेल.

आरशासमोर म्हणून पाहिलं. 'गेले' वर आवाज थोडा उतरतो, तेवढं जमवायचंय.

मागच्या आठवड्यात यवतमाळला घरी गेले होते. अब्बांना नावं न घेता सगळं सांगितलं. ते एका जीपचं इंजिन जोडत होते. हात पुसत म्हणाले, "बेटा, इंजिन जोडल्यावर टेबलावर एक जरी नट उरला, तं गाडी गिऱ्हाइकाले द्यायची नसते. मग तो नट कोणाच्या हातून उरला ते नंतर पाहाचं." मी म्हटलं, त्यानं नट टेबलावरून पुसून फेकून दिला. अब्बांनी विचारलं, "आन् तुले दिसला तवा तू काय केलं?" मी म्हटलं, मला उशिरा दिसला. ते पुन्हा इंजिनात वाकले.

तूही फोनवर तेच विचारलंस. कधी कळलं तुला? तुलाही मी तेच सांगितलं, पुस्तक छापून आल्यावर. तुझ्या सुस्काऱ्यावरून कळलं की तुला बरं वाटलं. तुला वाटलं असेल, चला, ही निदान लबाड नाही.

साक्षीला एक कागद लागेल. सातचा कोड तुझ्यासमोर ठरला होता असं मानीबाईच्या सहीनं. तो घ्यायला मी राळेगावला जाते आहे.

कहकशां


यवतमाळ
१ सप्टेंबर २००७

मंदार,

काल मानीबाईकडे जाऊन आले. सही मिळाली नाही.

एसटीनं राळेगाव आणि पुढे तांड्यापर्यंत चालत. निंदणाचे दिवस, बायका सगळ्या शेतात. मानीबाई तेवढी घरी होती. ओसरीवर बसून वरणात भाकर कुस्करत होती, आणि खाटेवर तिचा सासरा धावजी बसला होता. तुला आठवत असेल, आपण तांड्यावर गेलो तेव्हा मानीबाईचा स्वतःचा फॉर्म मी भरला होता. तेव्हाही धावजी तिथेच होता. मी प्रश्न विचारला तर ती नुसती हसली आणि हळूच म्हणाली, माहा सात टाक. पन्नाशीची बाई, जिनं तो कोड काढला, तीच त्यातली एक.

मला पाहून तिचा पहिला प्रश्न, "ये पोरी. गाडी आली काय?"

मी विचारलं, कुठली गाडी.

"तोंड पाहाची. तूच म्हणलं व्हतं ना, मार्च सरला का गाडी येईन म्हणून. आली ना एप्रिलात. शाळेपाशी दोन दिस उभी व्हती. म्या गेली तं म्हणे, मानसायचीच हाये, बायायची न्हाई. या जिल्ह्यात बाया खातच न्हाई म्हणे, सर्वेत निंघालं. म्या म्हणलं, बरं बाप्पा, मंग मले हे कायचं होऊन राह्यलं?"

मला विसर पडला होता असं म्हणणार नाही. सर्वेक्षणाआधीच्या बैठकीत मी तुझ्या मागेच बसले होते. ठरलं होतं की शंभरात पंधराच्या वर बायका निघाल्या तर त्यांच्यासाठी वेगळी तपासणी, गावोगाव गाडी, डॉक्टर बाई. पंधराच्या खाली निघाल्या तर पैसे पुरुषांच्या शिबिरांकडे. नऊ निघाल्या. तीस निघायला हव्या होत्या. मी जून, जुलै, ऑगस्ट हा तुझा आकडा तुझ्या कार्यक्रमात कसा फुटेल तेवढंच बघत होते. तो आकडा आधीच राळेगावला येऊन गेला होता.

मी तिला तोंड उघडायला सांगितलं. कळंबला दातांच्या डॉक्टरांनी शिकवलं होतं ना, खर्ऱ्यानं तोंड आखडत जातं, म्हणून तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघायचं. तेव्हा सगळ्यांनी गंमत म्हणून करून पाहिलं होतं. मानीबाईची अडीच गेली होती, तू तिला म्हणाला होतास, खर्रा सोडा. काल दीड गेलं. आतून गाल पांढुरका पडलाय आणि चामड्यासारखा कडक लागतो. तिखट सहा महिन्यांपासून बंद आहे.

मी पिशवीतून तो साक्षीचा कागद काढला. सगळं समजावून सांगितलं, ती ओळ, ते शून्य, तुझं नाव. तिनं दोरीचा चष्मा लावून कागद वाचला. मग विचारलं, "सराले माहीत न्हवतं. तुले कवा समजलं?"

मी खरं सांगितलं. मार्चमध्ये.

"कोन्त्या मार्चात? ह्याच?"

ह्याच, म्हटलं.

"गाडी तं एप्रिलात आलती," ती म्हणाली. कागद घडी करून माझ्या हातात दिला आणि चहा ठेवायला आत गेली. मी ओसरीवर बसून राहिले. धावजी माझ्याकडे बघत होता आणि मी जमिनीकडे.

चहा आणून ठेवल्यावर तिनं विचारलं, कोरा फॉर्म हाये काय. पिशवीत एक होता. "माहा भर," म्हणाली. "तंबाकू वापरते काय, ते इचार." मी धावजीकडे पाहिलं. "त्याईच्याकडे कायले पाहतं? इचार." मी विचारलं. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि रोजच्या आवाजात, सासऱ्यापासून दोन हातांवर उभी राहून सांगितलं, "हो. खर्रा. दिवसाच्या तीन पुड्या. बावीस वर्सं झाले. एक लिही."

धावजीनं मान दुसरीकडे वळवली. तिकडेच तोंड करून तो म्हणाला, "मले माहीतच व्हतं. वास येत जाय ना."

मी एक लिहिलं. माझं अक्षर इतकं वाईट कधी आलं नव्हतं.

कहकशां


यवतमाळ
१२ सप्टेंबर २००७

मंदार,

तू फोन केलास, अब्बांनी उचलला, मी आले नाही. मागच्या पत्रात तू 'मार्च' वाचलं असणार. तेव्हा आता नीट सांगते. मला तुझ्यासमोर लबाड व्हायची हौस नाही, पण आहे ते आहे.

तेरा मार्चला एकाच नावाचं प्रूफ आलं. चौदाला सकाळी वीज होती तेवढ्या वेळात मी तुझी फाइल उघडली. मला तुझी चूक हवी होती. काहीही चाललं असतं, एखादा चुकलेला वयोगट, उलटी टक्केवारी. माझ्या मूळ फाइलमधला रकाना आणि तुझा रकाना समोरासमोर ठेवले आणि सात सगळे शून्यात गेलेले दिसले. आपलं सॉफ्टवेअर प्रत्येक कामाची तारीख-वेळेसह नोंद ठेवतं, तुला ते माहीत नाही कारण तू कधी बघितलं नाहीस. १४ मार्च, सकाळी ११ वाजून ४० मिनिटं. रिपोर्ट छापायला गेला १९ तारखेला. पाच दिवस तू माझ्यापासून दोन खुर्च्यांवर बसत होतास. १६ला मला वेलदोड्याचा चहाही आणून दिलास, बहुधा मन खात होतं म्हणून. मी तो प्यायले आणि काही बोलले नाही. मनात म्हटलं, जाऊ दे छापायला. छापून आल्यावरच मजा आहे.

तू सात विसरलास. लग्नाच्या गडबडीत, घाईत, निष्काळजीपणानं. त्याबद्दल मी तुला माफ करणार नाही. पण मी विसरले नव्हते. तीनशे बारा बायकांना तू न बघता पुसलंस, आणि मी बघत बसले. नागपुरात उठून मी 'सात कुठे गेले' विचारलं असतं, तर कुणीतरी मला विचारायला हवं होतं की बाई, तुम्ही इतके महिने कुठे होतात.

म्हणून नागपूरला मी येत नाही. हिरवी ओढणी शोधू नकोस. वीस तारखेपर्यंत थांबायलाही मला जमणार नाही, अजून आठ दिवस कशाला.

आज सकाळी रजिस्टर पोस्टानं तीन लिफाफे टाकले. एक संचालकांना, एक जिल्हा आरोग्य विभागाला, एक बैठकीच्या आयोजकांना. आत मूळ फाइलची सीडी, मानीबाईनं पुन्हा भरलेल्या चाळीस फॉर्मच्या झेरॉक्स, आणि सात कोडच्या बायकांची गाववार यादी. तीनशे बाराची नाही, तीनशे अकराची. मानीबाईचं नाव मी 'हो'वाल्यांच्या यादीत नेलंय, आणि तिला घेऊन उद्या आम्ही नागपूरच्या दातांच्या दवाखान्यात जातो आहोत. अब्बा जीप मागून आणणार आहेत. ती म्हणाली, बायायची गाडी आली म्हणायची.

वर एक पानाचं पत्र आहे. त्यात लिहिलंय की शंभरात नऊ हा आकडा चुकीचा आहे, खरा तीसच्या आसपास असावा, बायकांची तपासणी रद्द झाली ती या चुकीमुळे, आणि ती ताबडतोब सुरू करावी. खाली जबाबदार कोण ते. मजकूर असा : कोड सात शून्यात मिसळला, मंदार वामन पांढरीपांडे. हे १४ मार्चला कळूनही लपवलं, कहकशां कय्युम शेख.

हे माझं पूर्ण नाव आहे. तुझ्या आभाराच्या पानात त्याला जागा नव्हती, इथे होती.

स्पृहाच्या घरी काय सांगायचं ते तू ठरव. मला पुन्हा कुठल्या ऑफिसात कोणी घेणार नाही, मामू म्हणतात क्लासमध्येसुद्धा पालक विचारतील. विचारू देत. तुला एकट्याला बुडवायचा माझा बेत होता. तो फसला, कारण त्या पाण्यात आधीपासून मीही उभी होते. पण तू बुडतो आहेस याचं सुख मला अजूनही होतं, हे लपवत नाही. पुरे झालं लपवणं.

एक गोष्ट वामनकाकांना आठवणीनं दाखव. पत्राची प्रत सोबत आहे. उमरखेडला क्लासच्या प्रिंटरवर पहिल्यांदा कागद आला तेव्हा आपली नावं एकाखाली एक आली होती, तुझं वर, माझं खाली. मी कागद फाडला, पुन्हा बसले आणि दोन्ही नावं एका ओळीत घेतली, शेजारी शेजारी. आता लोकांना बोलू दे.

कहकशां कय्युम शेख